मामाचा वळसा

अख्ख्या इंदुरात माझ्या धाकट्या मामाइतका दारूला भ्यालेला माणूस दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे त्याने तिचा थेंबही कधी चाखला नव्हता. आजोबा संस्थानच्या फौजेत, पणजोबाही फौजेत, आणि दोघांनाही बाटलीनेच नेलं. थोरला मामा पंचविशीतच त्यांच्या वाटेला लागलेला. हे पाहून धाकट्याने बाविसाव्या वर्षी सिद्धांत मांडला, "बी बापाचं आलं, त्याला इलाज नाही. पण पाणी घालायचं की नाही, ये तो अपने हाथ में है."

हे पाणी न घालणं त्याने असं मनावर घेतलं की घरच्यांना जीव नकोसा झाला. सगळं इंदूर पोह्यांबरोबर जिलबी खातं. हा नुसते पोहे खायचा, कारण जिलबीचं पीठ आंबवलेलं. खोकल्याचं औषध आधी हुंगायचा आणि डॉक्टरांना परत करायचा. दिवेलागणीला जिथे आजोबांची बैठक बसायची आणि मुलांनी पेले भरून द्यायचे, तिथेच, त्याच पेल्यांतून मामा आम्हा भाच्यांना केशराचं दूध पाजायचा. "जागेलाही सवय असते, भिया. ती मोडावी लागते," म्हणायचा. तो मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून होता. मल्हारगंजातल्या घराच्या वाटेवर कलाली, म्हणजे दारूचं दुकान होतं, म्हणून हा पठ्ठ्या रोज लांबचा वळसा घालून घरी यायचा. आम्ही हसायचो. म्हणायचो, मामा भलताच सोवळा, त्याला वाससुद्धा सोसत नाही.

एका संध्याकाळी वळशाची गल्ली वरातीने अडवली. मी बरोबर होतो, नुकता कॉलेजात गेलेला. नाइलाजाने कलालीसमोरूनच निघालो. दारात थोरला मामा बसला होता. "ये ना रे, एक घोट घे. घर की बात है," त्याने धाकट्याला हाक मारली. मामाने माझं मनगट धरलं. मला वाटलं, मला सांभाळतोय. पण ती पकड हाड मोडेल अशी होती. कोपरा ओलांडल्यावर तो एका ओट्यावर मटकन बसला, घामाने डबडबलेला.

"मामा, तुला वास सोसत नाही का रे?"

"सोसत नाही कसा," तो हळूच म्हणाला. "फार आवडतो. बाबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

घरी येऊन त्याने नेहमीसारखं दूध आटवलं.

थोरल्याने चाळिशी पाहिली नाही. धाकटा चांगला म्हातारा होऊन गेला, शेवटपर्यंत वळसा घालत. त्याचं फार हसू केलं आम्ही. आता कलाली नाही, मामाही नाही. पण दिवेलागणीला कलालीच्या त्या गल्लीत शिरलो की वाटतं, तितकंच घट्ट कुणीतरी माझं मनगट धरावं.