गव्हाची पिशवी आणि झोरानचा डबा

जुलैमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ऐन थंडीत, नेरिडाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टोस्टची ताटली ठेवायलासुद्धा जागा नसायची. सोल्डर गन, मीटर, चिमटे, जुने रेडिओ फोडून काढलेले पार्ट, आणि मधोमध एक हिरवा पत्र्याचा डबा, विटेपेक्षा जरा लहान. मी पोर्ट केंब्लातल्या त्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहायचे, पण बसायचे इथेच, कारण हीटर इथे होता. आणि क्लाईव्हही इथेच बसायचा, खिडकीपाशी, नाकात ऑक्सिजनची नळी.

क्लाईव्ह तिचा नवरा. तरुणपणी जहाजांच्या पाईपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचं काम केलेलं, ती धूळ इतक्या वर्षांनी फुफ्फुसात उगवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वसंत बघेल असं वाटत नाही. तो चिडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "नेर, मला एकदा झोरानचा डबा वाजवायचाय."

झोरान म्हणजे त्यांच्या बँडचा बेस वाजवणारा, टीव्ही दुरुस्त करायचा. शनिवारी क्लबात वाजवायचे हे लोक, चौघं. झोरानने क्लाईव्हसाठी तो डबा बनवला होता, फझ पेडल. गिटारची वायर त्यातून नेली की सूर फाटतो. म्हणजे नुसता मोठा नाही होत, फाटतो, जुनी जाड चादर दोन्ही हातांनी टराटरा फाडावी तसा. झोरान दुसरीकडे कुठेच मिळणार नाही असा सूर काढून गेला आणि स्वतःही गेला, समुद्रात, खडकावर मासे धरताना. आतलं सर्किट त्याने कोणालाच दाखवलं नव्हतं. कोणी नक्कल करू नये म्हणून आत डांबर ओतून ठेवलेलं, नुसता काळा गोळा.

आणि आता तो डबा मुका झाला होता. शेडमध्ये पडून पडून.

नेरिडाने आयुष्यभर टेलिफोनच्या कारखान्यात सोल्डरिंग केलेलं. ती म्हणाली, "मी उघडते."

"फोडशील," क्लाईव्ह म्हणाला.

"तुझं डोकं फोडायचं राहिलंय, ते आधी फोडते. गप बस."

केस वाळवायच्या मशीनने ती डांबर मऊ करायची आणि बांबूच्या काडीने कणाकणाने खरवडायची. घरभर रस्त्याचं काम चालल्यासारखा वास. आत निघालं ते बघून मला तर हसूच आलं, एवढंसंच? दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर, बस. पण ते जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, टोपी घातलेल्या मुंगळ्यासारखे. शेवटचं डांबर काढताना त्यातल्या एकाचा पाय मुळापासून तुटला. कट्. एवढासा आवाज.

नेरिडाने काडी खाली ठेवली.

"काय झालं?" क्लाईव्हने विचारलं.

"पाय तुटला."

तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "मारलंस त्याला. सांगितलं होतं ना तुला, मारलंस." आणि खोकला आला त्याला, एवढा की ओठ निळे पडले, आणि तीच धावली पाठीवर गरम पिशवी धरायला.

ती पिशवी म्हणजे कापडात भरलेले गहू, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे आणि दुखतं तिथे ठेवायचे. क्लाईव्हच्या पाठीला ती दिवसभर लागायची. घरात गरम गव्हाचा वास कायमचा, खीर शिजत असल्यासारखा.

त्या दिवसापासून नेरिडा पेटली. जवळच्या डॅप्टोतल्या एका म्हाताऱ्याकडून जुन्या ट्रान्झिस्टरचा अख्खा खोका उचलून आणला. तेच नंबर, तीच कंपनी, तसलेच रेझिस्टर. जुन्या पार्टांवरून मोजून मोजून तिने नवीन सर्किट जोडलं आणि त्याच हिरव्या डब्यात बसवलं. गिटार क्लाईव्हच्या मांडीवर दिली. गिटारचा आवाज वाढवणारा मोठा अँप तर कधीच विकून टाकलेला, आता एक छोटा बॅटरीवरचा होता. त्याने तार छेडली.

"डबीत माशी अडकलीये," तो म्हणाला.

"नीट ऐक की."

"नीटच ऐकतोय. कान नाही गेले माझे, फुफ्फुस गेलंय."

तिने ट्रान्झिस्टर बदलले. परत माशी. परत बदलले. ती मीटरवर एकेक तपासायची, ज्याच्यातून करंट गळतोय तो कचऱ्यात आणि जो चोख तो सर्किटमध्ये. कारखान्यात हेच शिकली होती ना ती, गळका माल बाजूला काढायचा, चोख तेवढाच पुढे पाठवायचा. टेबलावर चोख मालाची रांग लागली आणि सूर दिवसेंदिवस जास्तच शहाणा व्हायला लागला. सभ्य. स्वच्छ. क्लाईव्हने तर वाजवणंच सोडलं. नुसती मान हलवायचा. गिटार धरून बसायचा आणि हात गळून जायचा.

मला राग यायचा त्याचा, खरंच. मरणारा माणूस असला म्हणून काय झालं, एकदा तर खोटं बोल, छान झालंय म्हण!

मग एका दुपारी तिने डबा त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि त्याच्या हातून चहाचा मग डब्याच्या शेजारीच कलंडला.

"वर ठेव ना बाई!" तो खेकसला. "अँपवर ठेव! जमिनीवर कोण ठेवतं?"

"सगळी दुनिया ठेवते. पायाने दाबायचं असतं ते."

"मी कधी ठेवला? क्लबातला तो गालिचा बघितला होतास ना, बियरने नुसता निथळायचा. बूट चिकटायचे. डबा कायम अँपवर, मागच्या बाजूला. हाताने थापटायचो मी."

नेरिडा चहा पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"मागच्या बाजूला," ती म्हणाली. "व्हॉल्व्हवर, त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर."

"हां, मग?"

"क्लाईव्ह, तो अँप एवढा तापायचा की तुम्ही त्याच्यावर पाय शेकायचात ना!"

तिने पुढे काही सांगितलं नाही. उठली, कचऱ्याची बादली जमिनीवर उपडी केली आणि गळके ट्रान्झिस्टर वेचायला बसली. जर्मेनियम तापलं की आणखी गळतं, आणि सूर फाटतो तो त्या गळण्यानेच. ती इतके दिवस त्याला थंड ठेवून चोख करत बसली होती. आणि झोरानचं ते डांबर! क्लबात एकदा तापलं की रात्रभर ऊब धरून ठेवायचं ते. तेच तिने खरवडून फेकलेलं.

दोन गळके ट्रान्झिस्टर तिने बसवले. मग इकडे तिकडे बघितलं आणि क्लाईव्हच्या पाठीमागची पिशवी ओढून घेतली.

"अगं! दुखतंय मला!"

"दोन मिनिटं."

पिशवी परत गरम केली, डब्याला गुंडाळली, वाट बघितली. क्लाईव्हने तार छेडली.

खिडकीची काच थरथरली. तो सूर सुरू झाला आणि थांबेचना, फाटत फाटत, घरघरत, आणि मला एकदम कळलं की हा क्लाईव्हच्या श्वासासारखा आवाज आहे. क्लाईव्हचे डोळे बंद. नळीतून श्वास, बोटातून तो आवाज.

"झोरान, भाडखाऊ," तो हळूच म्हणाला. "कुठे होतास रे."

थोडा वेळच. नवीन सर्किटला डांबर नव्हतं, पिशवी निवली तसा सूरही निवत गेला, परत माशी. नेरिडाने पिशवी परत गरम केली. परत वाजलं. परत निवलं. क्लाईव्ह आता घामाने भिजलेला, पाठ वाकडी झालेली, दात आवळलेले. नेरिडा गरम पिशवी घेऊन आली आणि मध्येच थांबली, एकदा त्याच्या पाठीकडे बघत, एकदा डब्याकडे.

"डब्याला दे," तो म्हणाला.

"क्लाईव्ह..."

"दे म्हणतोय ना."

तिने डब्याला दिली.

तो आठवडा संपायच्या आत तो गेला, हॉस्पिटलात, झोपेच्या औषधाच्या गुंगीत. गिटार घरीच होती.

अंत्यविधीनंतर सगळे क्लबात जमले. क्लबात आता फरशी, गालिचा केव्हाच काढलेला. नेरिडाने सँडविच वाटले. त्यांचा जुना ड्रमवाला बॅरी, पोट सुटलेला, आपल्या नातवाला घेऊन आला होता, तो पोरगा गिटार वाजवायचा. बॅरी म्हणाला, "नेर, डबा आण ना. क्लाईव्हसाठी."

ती गाडीतून घेऊन आली. डबा बर्फासारखा थंड. नातवाने फरशीवर ठेवला, पायाने दाबला आणि वाजवलं.

माशी. डबीतली माशी.

मी नेरिडाच्या हाताला धरलं. तिथे मागे किचन होतं, मायक्रोवेव्ह होता, पिशवी तर तिच्या पर्समध्येच होती, तिला ती ठेवताना मी स्वतः बघितलं होतं. पण ती हलली नाही.

बॅरी रडत होता. गालावरून पाणी, हातात बियर. "हुबेहूब," तो म्हणाला. "देवाशप्पथ, हुबेहूब क्लाईव्ह. ऐकतेस ना? डोळे मिटले तर इथेच उभाय बघ."

सगळ्या माना हलल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हो," नेरिडा म्हणाली. "तसाच."

आणि उरलेले सँडविच झाकायला गेली.