वहिनीने बसवलेला पंखा

माझ्या वहिनीबद्दल कोणी वाईट बोलत नाही, ही माझी पहिली तक्रार. बारा वर्षं मी वाट बघतेय की शेजारीण, नावाडी, निदान दादा तरी तिच्याबद्दल एखादा वावगा शब्द काढेल आणि मला "अगं, हो ना!" म्हणता येईल. पण कसलं काय! उलट मीच चुकून तोंड उघडलं की समोरचा म्हणतो, "पण स्वभावाने किती चांगली आहे हो." स्वभावाने चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

दिसायला ती साधीच आहे. उंची बेताची, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याची एक काडी कायम वाकडी. हात मात्र बघण्यासारखे. तिची बोटं लांब आणि सडपातळ आहेत. मोटरीच्या ज्या फटीत माझा पंजा अडकतो तिथे ती सहज आत जातात आणि पडलेला नट घेऊन बाहेर येतात. ते पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आमचं घर आणि वर्कशॉप एकाच इमारतीत. खाली बोटींच्या मोटरी, वर आम्ही. बाबांना सगळी नदी मिस्त्री म्हणते. दादाला ग्रीसचा वास सहन होत नाही, तो पोस्टात चिकटला. तेव्हा बाबांच्या मागे मिस्त्री कोण, हा प्रश्नच नव्हता. निदान मला तरी तो पडला नव्हता. मग दादाचं लग्न झालं. वहिनीचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे स्क्रू आणि तेल तिला परकं नव्हतं. पहिले दोन महिने ती चहा घेऊन खाली यायची आणि कप परत न्यायच्या निमित्ताने रेंगाळायची. तिसऱ्या महिन्यात बाबांनी मोटरीखालून नुसता हात बाहेर काढला आणि ते "तेरा नंबर" म्हणायच्या आत तिने त्यांच्या तळव्यावर तेराचा पाना ठेवला. बाबा हसले. माझ्या कामावर बाबा कधी हसले होते, हे मी त्या रात्री आठवून बघितलं आणि झोप घालवून बसले.

ती मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणते, 'तुम्ही' म्हणते. मी तिच्याहून सहा महिन्यांनी लहान आहे. एवढ्या आदराने तिने मला बाराच्या बारा वर्षं म्हातारी करून ठेवलंय.

काम करताना ती खाली वर्तमानपत्र पसरते आणि मोटरीतून निघालेला एकेक बोल्ट, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, त्यावर मांडते. मी सगळे एका डब्यात टाकते. माझेही परत बरोबरच बसतात. पण गिऱ्हाईक उभं राहून बघतं ते तिचं वर्तमानपत्र.

आता त्या पंख्याचं सांगते. मी दहा वर्षांची असताना नदीवर वरच्या अंगाला धरण झालं. आमच्याकडचं पाणी आटलं, दगड वर आले आणि मोटरींचे पंखे त्यांवर आपटून तुटायला लागले. तेव्हा बाबांनी तिन्ही फेरीबोटींचे पंखे काढून जेट बसवले. जेट पाणी आत ओढून मागे फेकतं, त्यामुळे खाली दगडाला लागेल असं काही लोंबत नाही. काढलेले पाय बाबांनी तेल लावून माळ्यावर ठेवले. शाफ्ट, गिअर आणि पंखा मिळून मोटरीचा जो खालचा भाग होतो, त्याला आम्ही पाय म्हणतो. मग गेल्या वर्षी खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी चढलं आणि सोबत पाणवेली माजल्या. जेट त्या गिळायचं आणि गुदमरायचं. नावाडी बिचारे भर नदीत मोटर बंद करून हाताने जाळी साफ करत बसायचे. शेवटी ठरलं, की जेट काढा आणि पंखे परत लावा.

बाबांचे हात आता थरथरतात. जेवताना एक दिवस ते म्हणाले, "पहिली मोटर सुनबाई करेल. एकटीने. जमलं, तर पुढे मिस्त्री तीच."

"आणि मी?"

"तुझं काम मला माहीत आहे. तिचं बघायचंय."

हे कौतुक होतं की काय होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्या वेळी मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून ज्या एका शब्दासाठी मी राबले, तो शब्द वरणात मीठ टाकावं इतक्या सहज बाबा दुसरीला देत होते. वर त्यांनी हेही सांगितलं की ते मध्ये डोकावणार नाहीत, थेट पाण्यात बघतील.

वहिनीने दोन दिवस घेतले. जेटची जाळी काढली, आतलं चक्र काढलं, गंजलेले बोल्ट तेल पाजून पाजून सोडवले आणि जेट त्याच्या शाफ्टसकट खाली ओढून घेतलं. माळ्यावरचा पाय उतरवून धुतला. पाण्याच्या पंपाचं रबर बदललं, शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावलं, गिअरची दांडी जोडली. पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर, असं करत हाताने पंखा फिरवून बघितला. मी शेजारच्या टेबलावर उगीच एक कार्ब्युरेटर पुसत होते आणि डोळ्यांत तेल घालून तिची चूक शोधत होते. मिळेना. माझा जळफळाट कार्ब्युरेटरवर निघाला, तो इतका कधीच चमकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने आणि नावाड्याने मोटर नेऊन बोटीवर चढवली, वहिनीने बोल्ट आवळले. मी बघायला म्हणून गेले आणि मला चूक दिसली.

बोटीच्या मागच्या फळीवर एक वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा आहे. जेटचं तोंड बोटीच्या तळाच्या बरोबरीला यावं लागतं, म्हणून जेट लावताना बाबांनी तो ठोकून मोटर उंच केली होती. पंख्याला मोटर खाली लागते. वहिनीने ती होती तशी ठोकळ्यावरच बसवली होती. तिचं काय चुकलं? ती घरात आली तेव्हापासून नदीवर जेटच होते, तिच्या लेखी बोटीची फळी एवढीच उंच असते. मी मात्र दहा वर्षांची असताना तोच ठोकळा दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि बाबा त्यातून भोकं पाडत होते.

मी ठोकळ्यावर हात ठेवला. वहिनीने ते पाहिलं.

"काय ताई, काही राहिलंय का?"

"नाही," मी म्हणाले. "छान झालंय."

बारा वर्षांत मी केलेलं तिचं ते पहिलं कौतुक. ती लाजलीसुद्धा.

मी मनाशी हिशेब केला होता. वेग दिला की पंखा हवा ओढेल, मोटर किंचाळेल, बोट जागची हलणार नाही, काठावरची चार माणसं फिदीफिदी हसतील. बस. कोणाला खरचटणारही नाही. पण सकाळी बाबा काठी टेकत आले आणि काठावर न थांबता सरळ बोटीत जाऊन पुढच्या फळीवर बसले. वहिनी मागे मोटरीपाशी बसली होती, नावाडी दोर सोडत होता. "थांबा" म्हणायला पुरेसा वेळ होता. मी म्हटलं नाही.

हळू होती तोवर बोट नीट गेली. मधल्या प्रवाहाच्या ओढीत शिरल्यावर वहिनीने वेग वाढवला आणि मोटर अशी काही किंचाळली की काठावर माझ्या शेजारी उभा असलेला माणूस खरंच हसला. मग बोट आडवी झाली. ओढ तिला खालच्या अंगाच्या रेल्वेपुलाच्या खांबांकडे न्यायला लागली. नावाड्याने सवयीने बांबू टाकला, पण पाणी आता खोल, बांबू तळाला लागेना. बाबा दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसले होते. देवाशपथ, त्या क्षणी मला मिस्त्री वगैरे काही व्हायचं नव्हतं, फक्त बाबा काठावर हवे होते.

वहिनीने वेग कमी केला. मागे वाकून पाण्यात पाहिलं. मग तिचा आवाज काठापर्यंत आला, "सगळे मागे या! बाबा, तुम्हीपण, माझ्याजवळ! बसूनच सरका!"

तिघं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसली. बोटीचं मागचं अंग खाली गेलं, पुढचं नाक वर आलं, पंखा पाण्यात पुरता बुडाला आणि त्याने पाणी धरलं. पुलाचा खांब दोन हातांवर राहिला असताना बोट वळली. नाक वर करून, रमतगमत परत आली. जे तिला कोणी शिकवलं नव्हतं ते तिने भर नदीत स्वतः शोधून काढलं होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटते सांगायला, पोटातलं ते जुनं दुखणं परत सुरू झालं.

बाबा पायरीवर बसले. गुडघ्यापर्यंत ओले होते.

"तो ठोकळा," वहिनी म्हणाली. "मोटर उंच राहिली. माझी चूक."

बाबा माझ्याकडे वळले. "तो बसवताना तू धरला होतास. तुला दिसलं नाही?"

नाही म्हणावं, तर इतकी वर्षं काय शिकले? हो म्हणावं, तर बापाला जाणूनबुजून नदीत सोडलं.

"ताई म्हणाल्या होत्या काल," वहिनी म्हणाली. "मलाच वाटलं, चालेल. मी ऐकलं नाही त्यांचं."

बाबा काठी घेऊन उठले. "ऐकायला हवं होतंस, सुनबाई," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "या मोटरीची उंची उतरवून घे. उरलेल्या दोन मोटरी तू कर."

अशी मी मिस्त्री झाले. लोक मला त्याच नावाने हाक मारतात. वहिनी माझ्या हाताखाली काम करते, बोल्ट वर्तमानपत्रावर मांडते. त्या सकाळबद्दल ती कधी अवाक्षर काढत नाही. मी वाट बघितली. एखाद्या भांडणात ती हे माझ्या तोंडावर फेकेल, निदान दादाला तरी सांगेल. महिना गेला, तिसरी मोटर उघडली, तरी काही नाही. शेवटी मलाच राहवेना.

"वहिनी, तू खोटं का बोललीस?"

ती शाफ्टला ग्रीस लावत होती. हात थांबला नाही. "बाबांचं तोंड पाहिलं नाहीत का तुम्ही? तुम्ही 'हो, दिसलं होतं' म्हणाल, या भीतीने त्यांचे ओठ कापत होते."

मी पाहिलं नव्हतं. मी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते.