कापसाचा तिसरा बोळा

नारपोलीच्या लॅबमध्ये रक्त काढणारा तो माणूस पूर्वी लूमवर कामाला होता. तुटलेला धागा चाचपून शोधणारी त्याची बोटं आता शीर शोधतात. पेशंटच्या तोंडाकडे तो बघतच नाही. सुई काढली की हातावर कापूस ठेवून म्हणतो, "मास्तर, दाबून धरा. दोन मिनिटांत थांबेल. चला, पुढचा!" माझं रक्त पातळ करायचं औषध सुरू झाल्यापासून दर महिन्याला हेच.

काल कापूस भिजला. त्याने दुसरा बोळा ठेवला, मग तिसरा. मागे रांग कुरकुरत होती, पण "पुढचा" तो म्हणालाच नाही. स्वतःच्या अंगठ्याने बराच वेळ दाबून बसला. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, "मास्तर, घरचं कोन हाय का बरोबर?"