भिंतीवरचे अप्पा

मी सोलापूर सोडलं त्या दुपारी एसटी स्टँडवर अप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या बॅगेची चेन उघडायची, परत लावायची, परत उघडायची, एवढंच त्यांचं चाललं होतं. पहिली पाळी संपवून ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून, टॉवेलच्या कारखान्यातून थेट आले होते. भुवयांवर आणि मिशीवर कापसाची पांढरी लव तशीच होती. आई शेंगाचटणीचा डबा कुठल्या कप्प्यात ठेवलाय हे मला पुन्हा पुन्हा सांगत होती. विजापूरमार्गे बेंगळुरूला जाणारी गाडी लागली तेव्हा अप्पांनी सगळा उन्हाळाभर विचारलेलं परत एकदा विचारलं, "फोटू काढायला बी कालेज लागतंय व्हय?" मी हसले. ते हसले नाहीत. गाडी हलल्यावर खिडकीतून बघितलं तर ते दुसऱ्याच कुणाला तरी गाडीत चढायला मदत करत होते.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे आपल्या गावात, वळसंगात, आणि सोलापुरातच राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे एक बॅग घेऊन निघालात आणि आता सणाला येऊन पाहुण्यासारखे चहा पिता. तुमच्यापैकी पहिल्यांना वाटतं की आम्ही सुटलो. दुसऱ्यांना खरं काय ते ठाऊक आहे.

अप्पांना फोटोचं वावडं होतं असं समजू नका. उलट फार हौस. पण त्याचे नियम ठरलेले. शर्ट इस्त्रीचा पाहिजे, केसांना तेल पाहिजे, हात सरळ, हनुवटी वर आणि हसायचं अजिबात नाही. "माणूस नीट दिसाय पायजे. दात कशाला दावायचे?" मी मोबाइल उचलला रे उचलला की ते "थांब, थांब" म्हणत आत जायचे. बाहेर येईपर्यंत मला जे टिपायचं होतं ते सगळं निघून गेलेलं असायचं आणि समोर निवडणुकीला उभा राहिल्यासारखा एक माणूस उभा असायचा.

कॉलेजात नेमकं उलटं शिकवलं. माणूस "थांब" म्हणायच्या आधी शटर दाबायचं. मला ते लगेच जमलं, कारण लहानपणापासून मी तेवढ्याच फटीत फोटो काढत आले होते. बाकी गोष्टींना वेळ लागला. सीमेवरच्या घरातली असल्याने कन्नड येतं म्हणून मी फुशारकीत होते, तर माझं वळसंगचं कन्नड ऐकून पीजीवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी इंग्रजीत गप्प बसायला शिकले.

दर आठवड्याला एखादं प्रदर्शन बघून त्यावर लिहायचं असे. गॅलरीत पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशी चपला काढू लागले आणि तिथल्या मुलीनं हातानंच नको म्हणून सांगितलं. एवढी स्वच्छ जागा आणि चपला घालून फिरायचं! ते प्रदर्शन एका नावाजलेल्या फोटोग्राफरचं होतं. बंद पडलेल्या गिरण्या आणि कामगारांचे हात. खोलीभर नुसते हात. फोटो अप्रतिम होते, खोटं कशाला बोलू? पण एकाही हाताला चेहरा नव्हता आणि एकाही कॅप्शनमध्ये नाव नव्हतं. मला राग आला. या हातांना घरी कुणीतरी बाबा म्हणत असेल, अण्णा म्हणत असेल, असं मी लिहून दिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. राग खरा होता, पण शाबासकीही मला आवडली, आणि पुढच्या खेपेपासून राग कुठे येईल याचा मी शोध घेऊ लागले.

दुष्काळावरच्या एका प्रदर्शनात भेगाळलेल्या जमिनीचा दार झाकेल एवढा फोटो होता. लोक त्यासमोर हळू आवाजात बोलत होते. मला आठवलं आत्याचं मंगळवेढ्याचं शेत. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, आक्का. तिच्या काळ्या रानात उन्हाळ्यात अशा भेगा दरवर्षी पडतात आणि त्याच रानात थंडीत कमरेच्या वर ज्वारी उभी असते. लहानपणी त्या भेगांत माझी चप्पल अडकली होती आणि आत्या मला काखोटीला मारून घरी घेऊन गेली होती. हे सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? मी ओपनिंगच्या गोड सरबताचा ग्लास हातात धरून उभी राहिले आणि "टेक्स्चर छान आहे" म्हणाले.

त्या आत्याकडे आमचं जाणं तेव्हा कितीतरी वर्षं बंद होतं. तिच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या मागं मामा म्हणून अप्पांनी उभं राहायचं होतं. एसटी वाटेत बंद पडली, आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं चालू होती आणि मामाच्या जागी तिच्या सासरचा कुणीतरी उभा होता. अप्पा न जेवता मांडवातून फिरले. आत्या मागं धावत आली, पण अप्पा रिक्षात बसले होते. दोघंही एका आईची लेकरं. ताठ्यात कोण कमी? माझ्या सुट्टीतलं मंगळवेढा तिथंच संपलं.

मला सगळ्यात लागलं ते एका बाईंचं प्रदर्शन. त्यांनी आपल्या आईचे फोटो काढले होते, वर्षानुवर्षं, एकाच खुर्चीत, एकाच खिडकीशी. काही विशेष घडत नव्हतं. आई म्हातारी होत होती, एवढंच. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि रडले. मला हेवा वाटला. तो त्यांच्या कलेचा नव्हता. त्यांना रोज त्या खोलीत जाता येत होतं, त्याचा होता.

त्या दिवाळीला मी अप्पांचा फोटो काढला. पाळीवरून येऊन ते ओट्यावर बसले होते, बनियनवर, एक चप्पल पायात आणि एक बाजूला पडलेली. विचारलं तर म्हणाले, "काढ की. थांब, शर्ट घालतो." तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवली आणि मी शटर दाबलं. स्क्रीनवर बघून ते म्हणाले, "ह्यात काय हाय? दमलेलं म्हातारं हाय नुस्तं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुला आवडला न्हवं? मग झालं."

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात तोच निवडला गेला. मोठा प्रिंट, काळी फ्रेम, पांढऱ्या भिंतीवर एकटा, वरून दिवा. क्युरेटर आले, चांगलं बोलले. पण मला खरं सांगायचं तर एकच गोष्ट हवी होती. अप्पांनी त्या भिंतीसमोर उभं राहावं. फोटो आवडला नाही तरी चालेल, बनियनवरून ओरडले तरी चालेल. पण आपली पोरगी काय करते ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. मी विचारलं तेव्हा लगेच म्हणाले, "येतो की." कारखान्यातून सुट्टी काढली. तिथं चप्पल चालते का बूट लागतात, हेही विचारून घेतलं. रविवारी शेवटचा दिवस होता. शनिवारी दुपारच्या गाडीनं ते निघणार होते.

शुक्रवारी, ओपनिंगच्या संध्याकाळी मी त्या भिंतीचा फोटो आईला पाठवला. आईनं कौतुकानं तो स्टेटसला ठेवला. खाली काय लिहावं ते तिला सुचलं नाही, म्हणून जे सगळ्याच स्टेटसला टाकते ते टाकलं: दोन जोडलेले हात.

आता तुम्हाला, वळसंगवाल्यांना, पुढचं सांगायला नको. आपल्याकडे जित्या माणसाचा एकट्याचा एवढा मोठा फोटो भिंतीवर कोण लावतं? जिवंत माणसं अल्बमात असतात, लग्नाच्या ग्रुपमध्ये असतात. एकटा माणूस काळ्या चौकटीत भिंतीवर चढला, वर दिवा लागला, की समजायचं. मी कॉलेजात तीन-चार वर्षं भिंती बघत होते आणि आपली भिंत साफ विसरले होते. मंगळवेढ्यात आत्याच्या सुनेनं ते स्टेटस बघितलं आणि सासूला दाखवलं.

शनिवारी सकाळी अप्पा दारात पाटावर बसून बेंगळुरूला जायचं म्हणून मिशीला कलप लावून घेत होते. लावत आई होती. गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला. आत्या पहिल्या एसटीनं आली होती आणि वाटेपासूनच हेल काढून रडत येत होती, "शिवाऽ, माझ्या राजा, बहिणीवरचा राग तसाच घिऊन गेलास की रंऽ! मामाचा मान चुकला रं माझ्या हातनं!" शेजारपाजारचे दार उघडून बघायला लागले. अप्पा पाटावरून उठले, अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी. म्हणाले, "आक्का, मी हितंच हाय की."

आत्यानं आधी त्यांच्या एक मुस्काटात ठेवून दिली. मग गळ्यात पडली. कलप तिच्या लुगड्याला लागला, तिच्या गालाला लागला, दोघं ओट्यावर बसून लहान मुलांसारखी रडली. आई सांगत होती आणि फोनवर हसू आवरत नव्हती. "तू पायजे हुतीस गं," ती म्हणाली. "काय फोटू निघाला असता!"

अप्पा नंतर फोनवर आले. "ह्या खेपंला न्हाय जमत बग. आक्का आली हाय. पुढल्या बारीला बगतो की." त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मला बरं म्हणण्यावाचून इलाज नव्हता. फोन ठेवला आणि मी गॅलरीच्या जिन्यात उभी राहून रडले, आनंदानं नाही. अप्पांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण मन काय विचारून दुखतं? रविवारी एका बाईंनी त्या फोटोसमोर मला विचारलं, हे कुणाची वाट बघतायत? मी म्हटलं, माझे वडील आहेत, ते कुणाची वाट बघत नाहीत. वाट मी बघत होते. संध्याकाळी प्रिंट उतरवला, गुंडाळला आणि नळीत घालून पीजीच्या पलंगाखाली ठेवला.

पुढली बारी आली नाही. मला स्टुडिओत नोकरी लागली, ऑनलाइन दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढायची. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे. चादरीची घडी कशी घातली की महाग दिसते, हे मी शिकले. आत्या इकडे फोनवर म्हणायची, "माझा बी येक फोटू काढ की, शिवाचा काडलास तसला." मी म्हणायची, येते की आत्या, सुट्टी मिळू दे. सुट्टी मिळाली ती आत्या गेली म्हणून. झोपेत गेली.

मंगळवेढ्याच्या घरात पोचले तर स्टुडिओतून फोटो करून आणला होता. एकटीचा फोटो कुणाकडेच नव्हता म्हणून लग्नाच्या ग्रुपमधून तिला कापून घेतली होती. तेच लग्न. खांद्यावर शेजारणीच्या शालूचा काठ तसाच राहिला होता, चेहरा धूसर, मागं कुठल्यातरी बागेचं चित्र. त्याला हार घातला होता. अप्पा खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून साधेपणानं विचारलं, "तुज्याकडं आक्काचा येक बी न्हाय व्हय?" त्यात टोमणा नव्हता. मी आयुष्यात हजारो फोटो काढले आहेत आणि त्यांना नाही म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही घरी आलो. दुसऱ्या सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, तेल लावून ओट्यावर येऊन बसले. हात सरळ, हनुवटी वर. "काढ," म्हणाले. "नीट काढ. भिंतीला शोभंल असा. मागनं तुमची धावपळ नगो. तू शिकल्यालीस, दुसऱ्याकडं कशाला जायाचं?"

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. अप्पांनी माझ्या कामावर विश्वास टाकावा आणि स्वतःहून कॅमेऱ्यासमोर बसावं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस केला. शटरवर बोट ठेवलं, आणि ते दाबलं गेलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, आज उजेड बरा नाही. उद्या काढू." उद्या माझी गाडी होती.

परगावी गेलेल्या मंडळींनो, घर म्हणजे आता काय, असं आपण एकमेकांना भेटलो की विचारतो आणि मग विषय बदलतो. मला अजून नीट सांगता येत नाही. बेंगळुरूत भाड्याच्या खोलीत माझ्या भिंती फोटोंनी भरल्या आहेत. वळसंगच्या घरात समोरच्या खोलीची एक भिंत रिकामी आहे. मी दाराशी पोचले की चप्पल काढायच्या आधी ती भिंत बघते. ती रिकामी असेपर्यंत ते माझं घर आहे, एवढंच मला कळतं. ज्या एका फोटोसाठी मला वडिलांनी कारागीर मानलं, तो मला काढता येत नाही, आणि काढला नाही तर आत्याचं झालं तसं होईल, हेही मला कळतं.

आता दर खेपेला सकाळी अप्पा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसतात. वर लख्ख ऊन असतं, पत्रा तापलेला असतो, डोळे उघडे ठेववत नाहीत. मी कॅमेरा खाली घेते आणि म्हणते, उजेड बरा नाही अप्पा.

"सोलापुरात?" अप्पा म्हणतात, आणि हळूहळू शर्टाची बटणं काढायला लागतात.