नऊ दिवसांचा पहारा

माझी धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती. मार्चच्या सुरुवातीला तिला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी पोटावर, पाठीवर पाण्याचे फोड उठले. आई म्हणाली, कांजिण्या. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. परीक्षा पाच दिवसांवर आली होती, म्हणून मी पुस्तक घेऊन अंगणात बसले.

देशातून देवीचा रोग हटवायची मोहीम तेव्हा शेवटाला आली होती. फोड दिसले की कळवायचं, असा हुकूम होता. कोणी कळवलं ते कधीच समजलं नाही. संध्याकाळच्या आत लस टोचणारा आला, भिंतीवर गेरूनं खूण केली, आम्हा सगळ्यांना टोचलं आणि बजावलं, ‘‘आर्वीहून डॉक्टर येऊन पाह्यपर्यंत घरातून कोणी निघायचं नाई.’’ दाराशी पाळीपाळीनं माणसं बसवली.

मी त्याला म्हटलं, ‘‘वरच्या आळीतल्या मोठ्या घरी बी असेच फोड हायेत. नातवाले. आमची पोरगी त्याच्याच संग खेळत होती. तिथं काऊन नाई खूण केली?’’

‘‘तिथून नाव आलं नाई,’’ तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

आम्ही गावाच्या खालच्या अंगाला राहणारे, बाबा तालुक्याच्या गावी, आर्वीला, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमचं नाव लगेच गेलं.

डॉक्टर उद्या येईल, परवा येईल, असं करत पाच दिवस गेले. पेपरच्या सकाळी मी धुतलेली साडी नेसले, प्रवेशपत्र घेतलं आणि दारात आले. पहाऱ्यावर शेजारचे काका होते, मला लहानपणापासून ओळखणारे. ते उठून आडवे आले.

‘‘पोरी, आत जा. मले बोल लागीन.’’

‘‘मले टोचलं हाये, काका. मी बाहेर झाडाखाली एकटी बसून पेपर लिहीन. मास्तरांले सांगा.’’

तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर एसटी थांबली. मोठ्या घरातला मुलगा, त्या नातवाचा काका आणि माझ्याच वर्गातला, दऊत सांभाळत गाडीत चढला. त्याला कोणी अडवलं नाही. मी पहाऱ्यावरच्या काकांचा हात झटकला आणि उंबरा ओलांडला. तेव्हा मागून माझा दंड धरला तो बाबांनी.

‘‘सोडा मले! तो पाहा, तो गेला!’’

‘‘जाऊ दे त्याले. माही एक बहीण देवीनं गेली, मी डोळ्यानं पाह्यलं. तुह्या संग बसणाऱ्या एखाद्या पोट्टीले काई झालं तं?’’

‘‘अन् ह्या कांजिण्याच असल्या तं?’’

‘‘असतीन. पण मले सांगता येते का? तुले येते का?’’

‘‘ज्याले येते तो कुठी हाये?’’

बाबांनी मला आत घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसून राहिले. मी त्या दिवशी जेवले नाही. बाबांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्यानंच माझा संताप जास्त होत होता.

डॉक्टर नवव्या दिवशी आला. जीप चालूच ठेवून उतरला. बहिणीचा फ्रॉक वर केला, तिचे तळहात, तळपाय पाहिले आणि हसला.

‘‘साध्या कांजिण्या आहेत. पहिल्याच दिवशी कळलं असतं.’’

‘‘मंग पहिल्या दिवशी काऊन नाई आले?’’ आईनं माझा पदर ओढला, पण मी थांबले नाही. ‘‘माही परीक्षा गेली.’’

‘‘माझ्याकडे काय तुमचं एकच गाव आहे?’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही सगळे घरातच होता ना? मग घाई कसली?’’

आम्ही कोंडलेले होतो, म्हणून घाई नव्हती! देवीला मीही भीत होते. त्यासाठी घरात बसायला सांगितलं तर बसलेच असते, तोंड मिटून बसले असते. पण दाराशी पहारेकरी बसवायला सरकारला एक संध्याकाळ पुरली, आणि दार उघडायला नऊ दिवस लागले. कुलूप घालणाऱ्यावर किल्ली आणायचं कसलंच बंधन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर हेडमास्तरांकडे आले. हेडमास्तर म्हणाले, ऑक्टोबरला बसव. उन्हाळ्यात आत्यांनी दोन स्थळं आणली. बाबांनी दोन्ही परत पाठवली.

‘‘तिची परीक्षा मी बुडवली,’’ ते त्यांना म्हणाले. ‘‘आधी ती होऊ द्या.’’

ऑक्टोबरमध्ये मी पास झाले. पण निकाल लागला तेव्हा मास्तरकीच्या कॉलेजचे प्रवेश कधीच संपले होते. वर्गातल्या मुली माझ्या पुढे गेल्या होत्या. त्या हंगामात मी लोकांच्या शेतात कापूस वेचला आणि पुढल्या जूनमध्ये वर्ध्याच्या मास्तरकीच्या कॉलेजात नाव घातलं.