फवारणी पंपाचा फोटो

गिऱ्हाईक माझ्यावर खूश असतं, कारण मी त्याला तोंडावर कधी नाही म्हणत नाही. घरात माझ्या जिभेचा धाक सगळ्यांना आहे, पण वाशिममधल्या माझ्या स्टुडिओत पाऊल टाकलं की तीच जीभ गुळात बुडवून काढल्यासारखी होते. लग्नाचे अल्बम करता करता ही सवय लागली. नवरीच्या मामीला ‘बाजूला व्हा’ म्हटलं तर मामी रुसते. ‘मामी, साडी काय सुंदर आहे, तुमचा वेगळाच फोटो काढू’ म्हटलं की ती आपणहून बाजूला होते आणि काम पुढे सरकतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका पंपवाल्याचं काम आलं. बॅटरीवरचे फवारणी पंप जोडून विकायचा त्याचा धंदा. माणूस दिलदार, पण भारी उतावळा. कृषी केंद्रांत लावायला त्याला पोस्टर हवं होतं आणि त्यावर हिरोसारखा पोरगा. त्यासाठी त्यानं अकोल्याहून एक मॉडेल बोलावला. पोरगा गुणी होता, पण त्याला सवय लग्नाच्या शेरवान्यांची, त्यामुळे पाठीवर पंप घेऊनही तो वरातीत निघाल्यासारखा उभा राहिला.

जागा होती गावाबाहेरचं सोयाबीनचं शेत. पोराच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट, पंपाचा पट्टा सैल, तोंड नेमकं वाऱ्याकडे. पंपात साधंच पाणी होतं, ते नळीतून उडून त्याच्याच तोंडावर येत होतं. पंपवाला टाळ्या वाजवत ओरडत होता, “लय भारी! असाच हास!”

मी शेतकऱ्याची पोरगी. हे असं औषध मारलं तर माणसाचं काय होतं ते मला शिकवावं लागत नाही. पण सवयीनं मी गुळाचा डबा उघडला.

“भाऊ, कल्पना झकास हाये तुमची. फक्त पांढऱ्या शर्टानं पंपाचा रंग मरते.” पूर्ण बाह्यांचा शर्ट आला. “पट्टा आवळला तं पंप उठून दिसन.” पट्टा आवळला. “उजेड तिकून चांगला हाये.” पोरानं वाऱ्याकडे पाठ केली. मग मी पिशवीतून मास्क काढला आणि म्हटलं, “चेहऱ्यावर ऊन लय चमकून राह्यलं. हा लावला तं चमक मरन, नजर सरळ पंपावर जाईन.”

“ताई, चेहराच झाकला तं मॉडेल कायले आणला?” पंपवाला म्हणाला. मॉडेल हसला, मीही हसले. प्रश्न नुसत्या चमकीचा असता तर त्याचं खरंच होतं. मी पोराच्या गालांना पावडर लावली, चमक गेली आणि उघड्या तोंडाचा फोटो निघाला.

चारातल्या तीन गोष्टी मी ऐकायला लावल्या होत्या. गिऱ्हाईकाचं मन राखायचं आणि आपलंही थोडं पुढे रेटायचं, यालाच तर कसब म्हणतात, असं मी परतीच्या एसटीत मनाला समजावत होते. मन ऐकेना. घरी फोटो उघडला, मिटला, चहा ठेवला, पुन्हा उघडला. पोस्टर छापून आल्यावर लोकांनी तारीफ केली, तरी शेलूबाजारच्या एका दुकानावर ते दिसलं तेव्हा मी मान फिरवून दुसऱ्या बाजूनं गेले. मास्क लावलेला एकही फोटो मी काढून ठेवला नव्हता, ते सारखं टोचत होतं.

माझा धाकटा भाऊ धनजला शेती करतो. पोस्टरवर मी काढलेला फोटो म्हणून त्यानं तोच पंप घेतला आणि गावभर मिरवला. पुढच्या पावसाळ्यात वहिनीचा फोन आला की फवारता फवारता त्याला भोवळ आली, उलट्या झाल्या, कारंज्याला दवाखान्यात नेलंय. मी मिळेल त्या गाडीनं पोचले. रात्र काळजीत गेली. सकाळी तो उठून बसला, डॉक्टर म्हणाले धोका टळला, आणि माझी जीभ सुटली.

“मास्क काहून नाई लावला रे? घरी दुपट्टे कमी हायेत काय? तोच बांधाचा तोंडाले!”

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “ताई, तुह्या फोटोतल्या पोरानं कुठी बांधला व्हता?”

मला तिथे बसवेना. व्हरांड्यात येऊन मी पंपवाल्याला फोन लावला. या वेळी ना कल्पनेची तारीफ, ना उजेडाची गोष्ट. “भाऊ, ते पोस्टर चूक हाये. माहा फोटो चूक हाये. उघड्या तोंडानं फवारलं तं माणूस मरते. माहा भाऊ आत पडला हाये. पोस्टरं उतरवा, मास्कवाला फोटो मी पुन्हा काढून देते.” मला वाटलं, आता हा भांडणार. भांडला तर बरंच, चार शब्द सुनावता येतील, अशी मी तयारीत होते.

तो म्हणाला, “उद्याच उतरवतो. पण ताई, हे तुमी त्याच दिवशी काहून नाई बोलल्या? मी काय ऐकलं नसतं? त्या दिवशी तं तुमी नुसतं चमकीचं बोलल्या.”