बाहेरचे म्हणजे कोण

माझ्या बाबांची आणि शेजारच्या इंग्रज बाईंची मैत्री तक्रारीवरून झाली. दोघांची तक्रार एकच होती, आणि बाईंच्या तक्रारीतली माणसं म्हणजे आम्हीच होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते. हातात ओला टॉवेल होता. तो दोरीवर टाकायचा की आधी जाऊन बाबांना थांबवायचं, हे मला ठरवता येईना.

आई गेल्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी बाबांना दिल्लीहून इकडे, लंडनजवळच्या वॉटफर्डला आणलं होतं. सहा महिन्यांचा व्हिसा होता. बाबा मूळचे नागपूरचे, पण तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि दिल्लीचे झाले. माझा जन्म तिथलाच. यमुनेपलीकडे, तेव्हा जिथे फुलकोबीची शेतं होती तिथे, मराठी सरकारी नोकरांनी मिळून एक हौसिंग सोसायटी काढली. प्रत्येकाला लहानसा प्लॉट, त्यावर बैठं घर, पुढे तुळस, मागे पपई. आसपासचे शेतवाले आमच्याकडे बघून म्हणायचे, "मद्रासी आ गए." आम्ही मद्रासी नाही, हे बाबांनी त्यांना कितीदा तरी समजावून सांगितलं. पुढे सांगणं सोडून दिलं.

आता त्या सोसायटीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. मी इंग्लंडला आले. म्हातारी माणसं एक तर वारली किंवा मुलांकडे राहायला गेली. घरं बिल्डरांनी घेतली, एका मजल्याचे चार मजले केले आणि मजल्यामजल्यावर नवी माणसं आली. बिहारमधली, पूर्व उत्तर प्रदेशातली, गढवालमधली, केरळातली, मणिपूरमधली. आमचंही घर तसंच चार मजली झालं. तळमजला बाबांकडे राहिला, वर दरभंग्याचं एक कुटुंब आलं. सोसायटीच्या पार्कात जिथे आमचा गणपती बसायचा, तिथेच नवे लोक छठपूजेसाठी खड्डा खणून पाणी भरायला लागले, तेव्हा बाबांनी मीटिंगमध्ये एकट्याने विरोध केला होता. "दिल्ली आता दिल्ली राहिली नाही," हे ते मला फोनवर दर रविवारी सांगायचे. मी नुसतं हं हं करायचे.

आणि आता तेच ते बाईंना सांगत होते, कुंपणावर हात ठेवून, मेच्या उन्हात माकडटोपी घालून.

"मॅडम, शहर संपलं," बाबा आपल्या सरकारी इंग्रजीत म्हणाले. "सगळे बाहेरचे लोक आले. रस्त्यात आपली भाषा कानावर पडत नाही. वर कोण राहतं, समोर कोण राहतं, पत्ता नसतो."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्या गुलाब छाटत होत्या, त्यांनी कात्री खाली ठेवली. "अगदी हेच. मी लग्न होऊन या रस्त्यावर आले तेव्हा प्रत्येक दार ओळखीचं होतं. आता कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं तर इंग्रजी ऐकायला मिळत नाही."

"व्हेरी सॅड," बाबा म्हणाले. अगदी मनापासून.

"माणसं वाईट आहेत असं नाही हो. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही."

"नोबडी आस्क्ड," बाबा म्हणाले.

मी टॉवेल दोरीवर टाकला, तो अर्धा चिखलात गेला.

बाईंचा राग करावा म्हटलं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. आम्ही या घरात आलो त्या आठवड्यात कोणत्या दिवशी कचऱ्याचा कोणता बिन बाहेर ठेवायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मुलगी झाली तेव्हा त्यांनी स्वतः विणलेला पिवळा स्वेटर दिला. आमची पार्सलं त्या घेऊन ठेवायच्या. इतक्या वर्षांत एक वाकडा शब्द नाही. मग त्या बोलत होत्या ते कोणाबद्दल?

रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, त्या दुपारी कोणाबद्दल बोलत होत्या, कळलं का तुम्हाला?"

"कोणाबद्दल म्हणजे? बाहेरून आलेल्यांबद्दल."

"म्हणजे आपल्याबद्दल."

"छे! आपल्याबद्दल कशाला? ते पलीकडच्या घरातले, ते व्हॅनवाले, त्यांच्याबद्दल. आपण टॅक्स भरतो."

"तुम्ही?"

"तू भरतेस ना."

"आणि तुम्ही दिल्लीला गेलात तेव्हा बाहेरचे नव्हतात?"

बाबांनी घास तसाच हातात धरला. "मी बदलीवर गेलो होतो," ते म्हणाले. "फरक आहे."

काय फरक आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते विचारणार होते, पण माझ्या लक्षात आलं की मी स्वतःही मनात असंच काहीतरी म्हणत असते. मी कामाच्या व्हिसावर आले होते. मला बोलावलं होतं. फरक आहे. मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. ती इथेच जन्मलेली, चौदा वर्षांची. तिचं मराठी घरापुरतं.

"आजोबा, मग तुमची घर कुठला आहे? नागपूर की दिल्ली?"

"तुमचं घर. कुठलं," बाबांनी दुरुस्त केलं.

"हां, तुमचं घर. पण कुठलं?"

बाबा म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

पुढचे दोन महिने ते दोघं रोज कुंपणापाशी भेटत होते. बाईंना बाबांचं सगळं इंग्रजी कळत नव्हतं, बाबांना बाईंचं निम्मंच ऐकू येत होतं, पण गप्पा चालायच्या. पूर्वी दूधवाला कसा यायचा. पूर्वी मुलं रस्त्यात कशी खेळायची. मी घरून काम करायचे त्या दिवशी खिडकीतून आवाज यायचे आणि कधी कधी मला कळायचं नाही की ही गोष्ट वॉटफर्डची चाललीय की यमुनेपलीकडची. बाबा हसायला लागले होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हा मी काही बोलायचं नाही असं ठरवलं. पण दुकानातून येताना फोनवर मराठीत बोलत असले, की बाईंच्या फाटकापाशी माझा आवाज आपोआप खाली यायचा. आधी असं होत नव्हतं.

मग एके सकाळी त्यांच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली.

बाबांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. चहा न घेताच ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा मी मागून शाल घेऊन चालले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, हे आमच्यामुळे का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. बाई आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"अहो, तुमच्यामुळे कसं? तुम्ही तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि माझ्याकडे बघितलं, जणू ते मी पुरं करावं. "माझे गुडघे गेलेत," त्या म्हणाल्या. "जिना चढवत नाही. मुलगी डेव्हनला आहे, समुद्राजवळ. ती केव्हाची बोलावतेय. आणि आता इथे तरी कोण उरलंय माझं?"

"मी आहे," बाबा म्हणाले.

"तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाणार," बाई म्हणाल्या.

मी बाबांच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्यांना आत आणलं. दिवसभर ते खुर्चीत बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "दरभंग्याच्या लोकांना मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, तुम्ही आलात म्हणून आमची माणसं गेली. पण आपली माणसं आधी गेली. घरं रिकामी झाली, मग ते आले. हो ना?"

"मला नक्की माहीत नाही, बाबा. मी तर तिथे नव्हतेच."

"तेच तर," ते म्हणाले. ते मला उद्देशून होतं की नुसतंच, हे मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी सामानाची गाडी आली. बाईंनी जाताना बाबांना बागेतली आपली घडीची खुर्ची दिली, कुंपणापाशी इतका वेळ उभं राहू नका म्हणून. मला त्यांनी मिठी मारली. मी रडले. घरात आल्यावर मात्र छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला लाज वाटली, आणि मग लाज कशाची, म्हणून राग आला. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "तू जास्त विचार करतेस." तो पुण्याचा आहे. पुण्याची माणसं कुठेही गेली तरी पुण्याचीच असतात, त्यामुळे त्याला हे प्रश्न पडत नाहीत.

घर कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेतलं होतं आणि लगेच भाड्याने दिलं. भाडेकरू आले ते एक तरुण जोडपं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि नागपूरचे. बाबांना काय करू नि काय नको झालं. पहिल्याच दिवशी ते माझ्याकडून तर्री-पोहे करवून घेऊन डबा देऊन आले. आल्यावर म्हणाले, "धरमपेठेतले आहेत. मुलीच्या बोलण्यात अजून आपला हेल आहे." मलाही बरं वाटलं. वाटलं, आता त्यांना सोबत झाली.

दोन आठवडे गेले. मग एका शनिवारी बाबा बागेतून तरातरा आत आले.

"काय चाललंय काय तिकडे? फोन स्पीकरवर लावून बागेत बोलतो तो मुलगा. जगाला ऐकू जातंय. दर शनिवारी आठ-दहा मित्र. दारात चपलांचा ढीग. गाडी आपल्या फाटकाला चिकटवून लावतात. आणि कचरा? कागद-बाटल्यांच्या निळ्या बिनमध्ये अन्न! मॅडम असत्या तर..."

"बाबा, आपलीच माणसं आहेत ती. नागपूरची."

"असू देत. ही गल्ली आता पूर्वीसारखी राहिली नाही."

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाने हे म्हणावं! मी इतक्या जोरात हसले की मुलगी वरून धावत आली. काय झालं ते तिला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कारण आदल्याच दिवशी मी स्वतः त्या निळ्या बिनमधली भाताची पिशवी चिमटीत धरून काढली होती आणि मनात म्हटलं होतं, यांच्यामुळे रस्त्यावरचे लोक आपल्यालाही असंच समजतील. रस्त्यावरचे लोक म्हणजे कोण? बाई तर गेल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये मी बाबांना पोचवायला दिल्लीला गेले. टॅक्सी सोसायटीच्या फाटकाशी थांबली. पहारेकरी नवीन होता. त्याने आत डोकावून विचारलं, "किसके घर जाना है?"

"अपने," बाबा म्हणाले.

त्याला ते पटलं नाही. वरच्या दरभंग्याच्या कुटुंबातली सून गच्चीतून ओरडली तेव्हा त्याने फाटक उघडलं. तिने घर झाडून ठेवलं होतं, पाणी भरून ठेवलं होतं, पोळ्या करून ठेवल्या होत्या. गल्लीत मला एकही चेहरा ओळखू आला नाही. माझ्या शाळेच्या मैत्रिणीचं घर शोधत मी दोनदा त्याच वळणावरून परत आले, आणि शेवटी एका मणिपुरी मुलीला रस्ता विचारला. तिने विचारलं, "आप दिल्ली में नई हैं?" मी हो म्हणाले. तिला खरं सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, ते कळेना.

दिवाळीनंतर छठ आली. पार्कातल्या खड्ड्यात टँकरचं पाणी पुरलं नाही. वरची सून दबकत दारात आली. "अंकलजी, आपके नल से पाइप लगा लें?" बाबांनी पाईप लावू दिला. शिवाय पंप किती वेळ चालवायचा याच्या सूचना दिल्या. संध्याकाळी ते पार्कात खुर्ची टाकून बसले, बायका पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देत होत्या ते बघत राहिले, आणि प्रसादाचा ठेकुआ चावत नाही म्हणून दुधात भिजवून खाल्ला. मला वाटलं, चला, सुटलं कोडं. पण त्याच आठवड्यात ते सोसायटीच्या मीटिंगला गेले आणि पार्कात खड्डा नको म्हणून पुन्हा बोलले. वरच्या सुनेचा नवरा समोर बसला होता. रात्री त्यानेच बाबांना हात धरून घरी आणलं.

मी परत आले. बाबा आता तिथेच असतात. तिथली थंडी, वरून आलेल्या पोळ्या, पंप, मीटिंग, असं सगळं रविवारी फोनवर सांगतात. "दिल्ली कशी आहे?" विचारलं तर म्हणतात, "गर्दी आहे." तक्रार आहे की समाधान, ते मला आवाजावरून सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं की आमच्या दुसऱ्या बाजूचं घरही विकायला निघालंय.

"कोण येतंय?" बाबांनी लगेच विचारलं.

"अजून ठरलं नाही. बघायला येतायत लोक."

"कसे आहेत?"

मला उत्तर देता आलं असतं. कारण शनिवारी सकाळपासून मी पडद्याआड उभी होते, प्रत्येक गाडीतून कोण उतरतंय ते बघत. एक गोरं म्हातारं जोडपं आलं होतं, एक बहुधा पंजाबी कुटुंब, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आणि तिच्या तीन मुली. प्रत्येकाच्या वेळी मनात काहीतरी हललं होतं. यांनी यावं, यांनी येऊ नये. पण कोणाच्या वेळी काय वाटलं, ते आठवायला गेले तर सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

"चांगले आहेत, बाबा," मी म्हणाले आणि पडदा पुन्हा जरासा बाजूला केला.